शेंदराच्या रेघा

ज्या जागी काही असायला नको होतं, त्या जागी एक रेघ होती. वच्छलानं ओली फिल्म चिमट्यात धरून खिडकीकडे केली, मान तिरपी करून पाहिली, मग उलटी करून पाहिली. रेघ जागची हलली नाही. बोटभर रुंदीच्या त्या पट्टीवर बाकी सगळं ठरल्याप्रमाणे होतं. मधे गोल भोक, त्याच्या दोन्ही अंगांना कंसासारख्या वळलेल्या काळ्या रेघा, जवळच्या ठळक, लांबच्या बारीक. पहिली ठळक रेघ जिथे असायची तिथेच होती. पण तिच्या जराशी आत, भोकाच्या बाजूला, ही आगंतुक. केसाइतकी फिकी. नजर ताणली की दिसेनाशी व्हायची आणि सोडून दिली की पुन्हा हजर. बाहेर पोलादाच्या कारखान्याच्या वाढीव भागाचं बांधकाम चाललं होतं, उंच तुळयांवर माणसं एकमेकांना हाका मारत होती, कुठेतरी लोखंडावर घण पडत होता. भिलाईत हा आवाज कधी थांबत नसे, त्यामुळे तो कुणाला ऐकूही येत नसे. वच्छलाला मात्र आज तो एकेक घाव वेगळा ऐकू आला. रोजची फिल्म असती तर तिनं नुसतं नाक मुरडलं असतं. रोजच्या फिल्मा भट्टीच्या विटांच्या असत. वीट किती भाजली, तिच्यातली वाळू कुठल्या रूपात गेली, हे क्ष-किरणांनी बघून खालच्या साहेबांना कळवायचं. विटेत एखादी रेघ जास्त निघाली तर वीटवाल्याचं नशीब. ही फिल्म विटेची नव्हती, त्या पुडीची होती.

ती पूड आली त्या दिवशी शामराव साहेबांनी स्वतः उठून खोलीचं दार लावलं होतं. नागपूरच्या धंतोलीतला माणूस, बोलणं मोजकं, सदऱ्याच्या खिशात कायम भिंग. एरवी कुणी हाक मारली तरी खुर्चीतून न उठणारा. त्यांनी टेबलावर रुमाल पसरला आणि त्यावर करंगळीएवढी बुचाची बाटली ठेवली. आत राखाडी पूड, चहाच्या चमच्यात मावेल एवढी. वच्छला बघतच राहिली, कारण साहेब त्या बाटलीकडे असे पाहत होते की ती बाटली साधी नसणार हे उघडच होतं. साहेब म्हणाले, "हे सिलिकॉन आहे. शुद्ध. ह्याच्या पोटात अणूंच्या ज्या रांगा असतात, त्यांच्यातलं अंतर आपल्याला मोजून कळवायचं आहे." वच्छला म्हणाली, "पण ते तर पुस्तकात दिलेलं आहे, साहेब." साहेब हसले. ते हसणं तिला मागाहून पुष्कळ दिवस आठवत राहिलं. ते म्हणाले, "पुस्तकात कुणी दिलं? कुणीतरी मोजलं म्हणूनच ना? त्याचं चुकलं नसेल कशावरून?" आणि मग त्यांनी सांगितलं. जगभरातल्या स्फटिकवाल्यांचा, म्हणजे स्फटिकांच्या आतली रचना मोजणाऱ्यांचा, एक संघ आहे. महायुद्ध संपल्यावर, कालपर्यंत एकमेकांवर बाँब टाकणाऱ्या देशांतल्या माणसांनी तो उभा केला. त्याचे सभासद माणसं नाहीत, देश आहेत. प्रत्येक देशाची समिती, प्रत्येकाची वर्गणी, दर काही वर्षांनी एकत्र जमणं. तो नियतकालिक काढतो, कोष्टकांचे जाडजूड ग्रंथ छापतो, आणि त्याच्यातल्या काही मंडळींनी आता हा उद्योग काढला आहे. एकाच मोठ्या बाटलीतली पूड चिमूट चिमूट वाटून देशोदेशीच्या प्रयोगशाळांना पाठवायची. ज्यानं त्यानं आपल्या यंत्रावर, आपल्या पद्धतीनं मोजायची. शेजाऱ्याला विचारायचं नाही. काय आलं ते कळवायचं, कसं मोजलं ते कळवायचं, आणि काही बिघडलं असेल तर तेही. मग सगळे आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. आपल्या देशातल्या समितीनं भिलाईचं नाव सुचवलं होतं. वच्छलानं विचारलं, "त्या संघाची प्रयोगशाळा कुठं आहे?" साहेब म्हणाले, "नाहीच. त्याची स्वतःची प्रयोगशाळाच नाही." ती म्हणाली, "मग तो संघ आहे कुठे?" साहेबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "कुठे म्हणजे, ह्या बाटलीत आहे समजा."

त्या दिवसापासून वच्छलाला काहीतरी झालं होतं. बस चुकली तरी वाईट वाटेना. सेक्टर सहाच्या बाजारात भाजी घेताना मधेच वाटे, आत्ता ह्या क्षणाला कुठल्यातरी बर्फाच्या गावात दुसरी एखादी बाई, नाहीतर म्हातारा प्रोफेसर, नाहीतर तिच्याच वयाचा जपानी मुलगा, हीच पूड केसाएवढ्या बारीक काचेच्या काडीवर चिकटवत असेल. त्याला माझं नाव माहीत नाही, मला त्याचं नाही. त्याच्या खिडकीबाहेर काय आहे कोण जाणे, माझ्या खिडकीबाहेर तर पहिल्यापासून धूळच आहे. पण पूड एकच. तिच्या पोटातल्या रांगा एकच. भारताची वेगळी नाही, रशियाची वेगळी नाही. आपलं यंत्र रशियन, फिल्म जर्मन, कोष्टकाचा ग्रंथ इंग्लंडात छापलेला, आणि पेपरात रोज जे देश एकमेकांना डोळे वटारत होते ते इथे एका बाटलीतली पूड निमूटपणे वाटून घेत होते. हे खरं असेल यावर तिचा विश्वास बसायला वेळ लागला. बसला तेव्हा ती भेंडी निवडता निवडता थांबली आणि भाजीवाल्या मैनाबाईनं विचारलं, "का होगे बाई, भेंडी म कीरा हे का?" कीड नव्हती. वच्छलाला नुसतंच रडू येईल असं वाटत होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं. आपण एवढ्या मोठ्या कशाततरी आहोत आणि आपल्याला कुणी हाकललं नाही, याचं ते होतं.

आणि आता ही रेघ. वच्छलानं फिल्म सुकवली, भिंगाखाली घेतली, आणि तेव्हा तिला आणखी दोन दिसल्या, पहिल्या ठळक रेघेच्या बाहेरच्या बाजूला, जवळजवळ, जुळ्या बहिणींसारख्या. म्हणजे हा डाग नव्हता. डागाला शिस्त नसते. पुडीत दुसरं काहीतरी मिसळलं होतं आणि त्या काहीतरीलाही आपल्या रांगा होत्या, त्यांच्याच ह्या रेघा. अशा वेळी काय करायचं ते तिला ठाऊक होतं. कपाटात कार्डांचे लाकडी खण होते. कुठल्या पदार्थाच्या सगळ्यांत ठळक तीन रेघा कुठे पडतात ते एकेका कार्डावर छापलेलं. जगातल्या किती माणसांनी किती वर्षं बसून मोजलं असेल, आणि मोजून झाल्यावर स्वतःजवळ न ठेवता सगळ्यांना देऊन टाकलं असेल. चोर सापडावा म्हणून गावोगावच्या पोलिसांनी बोटांचे ठसे एका ठिकाणी ठेवावेत, तसा हा खण. वच्छलानं तीन अंतरं मोजली, कार्ड शोधलं. सापडायला वेळ लागला नाही. कार्डावर शिसं आणि प्राणवायू यांचं सूत्र होतं, खाली रंग लिहिला होता, तांबडा. तिनं बाटली उचलली. बुचाच्या कडेला, काच आणि बूच जिथे भेटतात तिथे, भिंगातून पाहिल्यावर नारिंगी-लाल कण दिसले. खुर्चीत बसायच्या आधीच तिला कळलं होतं. तो शेंदूर होता. बाबांच्या अंगठ्याचा.

गुलाबराव, म्हणजे वच्छलाचे बाबा, रेल्वेत कीमॅन होते. जुन्या बी.एन.आर.च्या, म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वेच्या, दिवसांपासून डोंगरगड ते दुर्गच्या पट्ट्यात रुळावरून पायी फिरायचं, खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, आणि रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी जिथे ढिली दिसेल तिथे ठोकायची. आयुष्य त्यात गेलं. निवृत्त झाले तेव्हा रेल्वेनं हातोडा जमा करून घेतला, आणि त्याच वर्षी खंडेनवमीला घरात पूजेला ठेवायला हत्यार नव्हतं. अंजनाबाई, वच्छलाची आई, तेव्हा होती. ती म्हणाली, विळी ठेवा, भाताचा झारा ठेवा, त्यानंच पोट भरते. गुलाबराव जेवले नाहीत. दुसऱ्या वर्षी ते जवळच्या उतई गावच्या लोहाराकडे जाऊन बसले आणि अगदी तसाच हातोडा घडवून घेऊन आले. ह्या हातोड्यानं आजवर एक चावी ठोकली नव्हती, पण दर खंडेनवमीला त्याला तेलपाणी होई, उतईच्या बाजारातला शेंदूर लागे, झेंडूची माळ पडे. आई गेल्यावरही त्यात खंड पडला नाही. वच्छलाला नोकरी लागली त्या वर्षी ते म्हणाले होते, "तुयं हत्यार आन." तिनं पेन आणून ठेवलं. त्यांनी पेनाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पेन तं समद्यायजवळ असते. पोस्टमास्तरजवळबी असते. तू तिथं करतं काय ते सांगनारं आन." यंत्र खोलीएवढं, ते काय आणणार. पेन तसंच राहिलं, शेंदूर त्याला लागला नाही, आणि वच्छलाला ते मनातून फार लागलं. लोकांच्या घरी पोराचं हत्यार मांडतात. आपल्या बापानं पोरीचं मागितलं आणि आपल्याकडे द्यायला काही नाही, असं तिला वाटत राहिलं होतं.

म्हणून ह्या वर्षी तिनं बाटली घरी नेली. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर साहेबांनी नाही म्हटलं असतं, हे तिला माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही. रुमालात गुंडाळून, पोळीच्या डब्यात ठेवून, नवमीच्या आदल्या संध्याकाळी बसमधून ती सेक्टर सहाला आली तेव्हा तिला आपण देव घरी नेत आहोत असं वाटत होतं. बाबांनी बाटली हातात घेऊन उजेडात धरली. "हे काय हाय?" तिनं सांगितलं. जसं सांगता आलं तसं, अणू न म्हणता, संघ न म्हणता. साऱ्या दुनियेतल्या लोकांनी एकच माती वाटून घेतली आहे आणि सारे जण ती मोजून राहिले, त्यात मी एक. गुलाबरावांनी बाटली हातात फिरवून पाहिली. मग म्हणाले, "म्हंजे लाईन एकच हाय. आपआपला पट्टा ज्याचा त्यानं पाहाचा." ती म्हणाली, "हो बाबा, तसंच." सकाळी पाटावर हातोड्याच्या शेजारी त्यांनी बाटली ठेवली. शेंदूर ते एरवी तेलात कालवत. बाटलीला तेल लागू नये म्हणून त्यांनी, आपल्या समजुतीनं अगदी जपून, कोरडाच घेतला. अंगठा टेकवला तो बरोब्बर बुचावर. तेलातला असता तर चिकटून बसला असता; कोरडा म्हणून बूच उघडताना आत झडला.

शामराव साहेबांना फिल्म दाखवायला ती गेली. ती अजून नोकरीत कायम व्हायची होती, त्याचा कागद ह्याच महिन्यात साहेबांच्या सहीनं वर जायचा होता. साहेबांनी भिंग काढलं, रेघा पाहिल्या, कार्ड पाहिलं, आणि तिला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट, त्यांचा चेहरा मोकळा झाला. "रेड लेड," ते म्हणाले. "बाहेर पाहा." बाहेर आकाशात उभ्या राहिलेल्या प्रत्येक तुळईवर तोच नारिंगी-लाल हात मारलेला होता. लोखंड गंजू नये म्हणून रंगाच्या आधी जो थर देतात, तो. सगळी भिलाई त्या दिवसांत त्या रंगाची होती. रंगाऱ्यांचे कपडे, कामगारांचे तळवे, रस्त्याकडेचे पत्रे. साहेब म्हणाले, "खिडकीतून आली असेल धूळ. आपल्या मापाला त्याचा धक्का नाही, मापाच्या रेघा लांबच्या आहेत, त्या स्वच्छ आल्या. बिघाडाच्या रकान्यात लिहून टाका, बांधकामाच्या रंगाची धूळ. उगीच मनाला लावून घेऊ नका, वच्छलाबाई." आणि वच्छलाला एक क्षण इतकं हलकं वाटलं की ती हो म्हणाली.

हो म्हणाली आणि जागेवर येऊन बसली. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की साहेब खोटं बोलत नव्हते. तुळईचा रंग आणि मारुतीचा शेंदूर, पदार्थ एकच. कार्ड एकच. ह्या फिल्मला दोन्हींत फरक कळत नाही, आणि जगातल्या कुठल्याच फिल्मला कळणार नाही. लहानपणापासून जे दगडाला फासलं की दगडाचा देव होतो, ज्याला हात लावायच्या आधी आई पदराला हात पुसायला लावायची, ते आणि खांबावरचं लिंपण, आतून रांगा त्याच. ह्या विचारानं तिच्या अंगावर काटा आला. देव लहान झाला म्हणून नव्हे. उलट तिला वाटलं, ही सगळी तुळयांची, धुराड्यांची, उभी राहत असलेली नगरी कुणीतरी शेंदूर लावून ठेवली आहे आणि आपल्याला ते आज दिसलं. पण त्याच्याच मागोमाग दुसरी गोष्ट आली, आणि ती सुखाची नव्हती. फिल्मला कळत नाही, कार्डाला कळत नाही, संघाला कळणार नाही. म्हणजे हे कळण्याची जागा जगात एकच, आणि ती आपण. आपण गप्प बसलो की ते कायमचं रंगाची धूळ होणार. मग बर्फाच्या गावातली ती बाई आपला रकाना वाचेल आणि खरं मानेल. तिच्याकडे खरं मानण्यावाचून दुसरा उपाय नाही. ह्या सगळ्या खटाटोपाला भिंती नाहीत, पहारा नाही, प्रयोगशाळासुद्धा नाही. एकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं मानायचं, एवढ्याच आधारावर तो उभा आहे. एवढं मोठं काही इतक्या बारीक आधारावर उभं असेल याची तिला भीती वाटली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा गुलाबराव ओट्यावर बसले होते. क्वार्टर लहान, ओटा त्याहून लहान, पण समोरून येणाऱ्या-जाणाऱ्या सायकली मोजायला तेवढा पुरे. तिनं चप्पल काढली आणि तिथेच पायरीवर टेकली. "बाबा," ती म्हणाली, "तुमी लाईनवर एकलेच फिरत होते. चाव्या ठोकल्या का नाई, कोन पाहे?"

"कोनीच नाई."

"मंग नाई ठोकली तरी चालली असती."

गुलाबराव तिच्याकडे वळले. असलं बोलणं त्यांना आवडत नसे. "चावी ढिली असन तं हातोडा मारला का आवाज बद्द येते. मले आयकू आला ना. मंग आनखी कोनाले आयकू याची काय गरज हाय? कावून इचारून राहिली?"

मग तिनं सांगितलं. बूच, कोरडा शेंदूर, तीन रेघा, साहेब काय म्हणाले ते. सांगताना ती बाबांकडे पाहत नव्हती, समोरच्या क्वार्टरच्या दोरीवर वाळणाऱ्या निळ्या डगल्याकडे पाहत होती. सांगून झाल्यावर तिनं बाबांकडे पाहिलं. ते आपला उजवा अंगठा डाव्या हाताच्या मुठीत धरून बसले होते. "म्हंजे माया हातानं बाटलं," ते म्हणाले.

"बाटलं नाई बाबा. मीच नेलं. मी न्याले नोको होतं."

"तुयी नोकरी?"

एक सायकल गेली, मग दुसरी. मग गुलाबराव, ज्यांनी आत्ताच चावीचं सांगितलं होतं तेच गुलाबराव, अगदी हळू म्हणाले, "मंग रंगच लिव्ह, माय. रंगच लिव्ह. कोनाले समजते?"

ह्या माणसानं उन्हातान्हात, कोणी पाहत नसताना, आयुष्यभर एक चावी सोडली नव्हती, आणि तो आज तिच्यासाठी ती सोडायला तयार झाला होता. तेवढ्यासाठी त्याला काय मोडावं लागलं असेल ते त्या मुठीतल्या अंगठ्यावरून दिसत होतं. तिला त्यांचा राग आला नाही. माया आली, आणि तिच्या तळाशी एक हट्टही आला. ती उठून आत गेली, चहा ठेवला, साखर नेहमीपेक्षा जास्त पडली. बाबांनी चहा पिताना तेही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा ती त्यांच्या टेबलाशी उभीच होती. तिनं सगळं सांगितलं. घरी नेल्याचं आधी, कारण ते सगळ्यांत जड होतं. शामराव साहेबांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि खिडकीबाहेर पाहू लागले. "घरी नेली," ते म्हणाले. "डब्यात." मग म्हणाले, "तुम्ही मला हे सांगितलं नसतं तर मला कधीच समजलं नसतं." वच्छला म्हणाली, "म्हणूनच सांगून राहिले, साहेब." तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. रागावले होते, यात शंका नव्हती. तिचा कायम होण्याचा कागद त्यांनी त्या महिन्यात वर पाठवला नाही, आणि का पाठवला नाही तेही स्पष्ट सांगितलं. पण तो रकाना भरायला मात्र त्यांनी तिलाच बसवलं. 'पूजा' ह्या शब्दाशी दोघांचीही गाडी अडली. साहेब म्हणाले, "हसतील लोक." वच्छला म्हणाली, "हसू द्या, पण खरं समजून हसू द्या." शेवटी साध्या इंग्रजीत लिहिलं गेलं. जास्तीच्या तीन रेघा शेंदराच्या. आमच्याकडे वर्षातून एक दिवस कामाच्या हत्यारांना मान देतात, त्या दिवशी माझ्या वडिलांच्या हातून नमुन्याच्या बुचाला लागला. नमुना घरी नेण्याची चूक माझी. पाकीट गेलं. थंडी गेली, उन्हाळा आला, भिलाईची धूळ तापली. वच्छला विटांच्या फिल्मा मोजत राहिली आणि त्या पुडीचं नाव दोघांनीही काढलं नाही. तिला कधी कधी स्वप्नात एक मोठं टेबल दिसे, त्याभोवती निरनिराळ्या देशांची माणसं, आणि सगळी हसत असलेली.

अहवाल आला तो पावसाळा सरता सरता. विश्वकर्मा पूजा तोंडावर आली होती. त्या एका दिवशी कारखान्याची दारं घरच्यांना उघडी असतात. बायका नटून येतात, पोरं भट्टीकडे तोंड वासून पाहतात, यंत्रायंत्रांना हार असतात. साहेबांनी अहवाल वच्छलाच्या टेबलावर आणून ठेवला आणि निघून गेले. पण जाताना दारात क्षणभर थांबले होते, हे तिनं पाहिलं. तिनं उघडला. कोष्टक. देशोदेशीच्या प्रयोगशाळा, त्यांचे आकडे. आधी तिला वाटलं आपलं डोकं फिरलं आहे. कुणाचाच आकडा कुणाशी जुळत नव्हता. मोठमोठ्या विद्यापीठांचे, नामांकितांचे, शेवटचा अंक ज्याचा त्याचा वेगळा. भिलाई त्यांच्यात कुठेतरी मधे होती, ना पहिली ना शेवटची, शाळेतल्या हजेरीत नाव असावं तशी. आणि खाली तळटिपा होत्या. वच्छला त्या वाचू लागली आणि वाचता वाचता हळूच खाली बसली. एकानं लिहिलं होतं, आमची खोली समुद्राजवळ आहे, मिठाच्या रेघा आल्या. दुसऱ्यानं लिहिलं होतं, युद्धात पडलेलं छत आता दुरुस्त होत आहे, चुना गळतो. एकानं, सहकाऱ्याच्या खडूची भुकटी. एकानं नुसतं, कारण कळलं नाही, शोधलं, सापडलं नाही. आणि त्यांच्याच ओळीत, त्याच बारीक टायपात, शेंदूर. वडिलांच्या हातून. कुणी हसलं नव्हतं. एवढे देश, एवढी माणसं, प्रत्येकाच्या खिडकीबाहेर काहीतरी होतं, आणि प्रत्येकानं ते लिहून पाठवलं होतं. खोलीत कुणी नव्हतं म्हणून बरं. तिला डोळे पुसायला वेळ लागला.

विश्वकर्म्याच्या दिवशी गुलाबराव आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, गेटाजवळच्या मारुतीचं दर्शन घेऊन. वर्षभरात त्यांनी त्या बाटलीचं नाव काढलं नव्हतं, आणि ह्या खोलीत शिरताच दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. यंत्राला हळदकुंकू होतं, झेंडूची माळ होती. सगळे हात लावून नमस्कार करत होते, पण त्यांनी लांबूनच मान वाकवली. शामराव साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. वच्छलानं अहवाल उघडून त्यांच्यापुढे धरला आणि बोटानं आकडे दाखवत सांगू लागली, हा रशियाचा, हा जपानचा, हा आपला.

"सारखे नाई दिसत," ते म्हणाले.

"नाई ना. सारेच थोडे थोडे चुकले, बाबा."

"सारेच?"

"सारेच."

गुलाबराव त्या कागदाकडे पाहत राहिले. वाचता येत नव्हतं, पण पाहण्यात काही कमी नव्हतं. "अन् तरी गाडी चालून राहिली," ते म्हणाले. वच्छलानं मग खालच्या टिपा एकेक सांगितल्या. मिठाची, चुन्याची, खडूची. "अन् ही तुमची," ती म्हणाली.

"कोनती?"

"ही."

त्यांनी पाठीमागचा हात पुढे आणला, ओळीवर टेकवायला म्हणून, आणि मधेच थांबले. अंगठ्याला गेटाजवळच्या मारुतीचा शेंदूर होता, ताजा, तेलातला. ते हात मागे घेऊ लागले. वच्छलानं त्यांचं मनगट धरलं.

"लागू द्या, बाबा," ती म्हणाली.

अंगठा ओळीशेजारी टेकला. त्यांनी तो उचलला तेव्हा कागदावर तांबडा ठसा होता, आणि शामराव साहेब खिशातलं भिंग काढून तो पाहायला वाकले.